चिंध्या विकत कशा घ्याव्यात

अभिनंदन! गोधडी शिवायचं तुम्ही मनावर घेतलंत. आता घरात गोधडीची गरज आहे का, या विचारात वेळ घालवू नका. गरज होती तोवर गोधडीला कुणी कला म्हटलं नाही. ते नुसतं अंथरूण-पांघरूण होतं. घरात पुरून उरतील एवढी पांघरुणं असणं ही या छंदाची पहिली पात्रता, आणि ती तुमच्यापाशी असणारच. दिवाळीला भेट आलेल्या रजया कपाटाच्या वरच्या खणात चेनच्या पिशवीसकट पडल्या आहेत ना? मग झालं तर.

खालच्या पायऱ्या सांगितलेल्या क्रमानंच चढा. मधली एखादी गाळलीत, तर चुकून खरीखुरी गोधडी तयार व्हायची आणि ती अंगावर घ्यायची वेळ यायची.

१. गाव धरा

गोधडीमागे गाव लागतं. स्वतःचं असेल तर उत्तम, नसेल तर दुसऱ्याचं घ्या. कुणी सातबारा मागत नाही. नवशिक्यांना मी कौंडण्यपूर सुचवते. जिल्हा अमरावती, तालुका तिवसा, वर्धा नदीचा काठ. पलीकडचा काठ वर्धा जिल्ह्यात येतो, त्यामुळे प्रदर्शन वर्ध्याला लागलं तरी नुसती नदी ओलांडली की आपण तिथलेच. विदर्भाची प्राचीन राजधानी, राजा भीष्मकाची नगरी, रुक्मिणीचं माहेर. एवढा ऐवज एकाच गावात पुन्हा मिळायचा नाही.

रुक्मिणीचा उपयोग नीट करून घ्या. ती अंबिकेच्या दर्शनाला म्हणून निघाली आणि श्रीकृष्णाच्या रथात बसून गेली. ते देऊळ कौंडण्यपूरचं की अमरावतीच्या अंबादेवीचं, यावर दोन्हीकडची मंडळी आपापल्या जागी ठाम आहेत. त्यात पडू नका. तुमच्या कामाचा मुद्दा निराळा आहे. अशी घाईत गेलेली मुलगी सोबत रुखवत नेत नाही. म्हणजे रुखवत माहेरीच राहिलं. रुखवतात गोधडी असणारच. ती गोधडी शिवायची रीत आईकडून लेकीकडे येत येत थेट तुमच्या हातात आली, असं सांगायला तुम्हाला कोण अडवतो? मोरेश्वर दीक्षितांनी इथं उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६८ साली छापला गेला. उत्खननात गोधडी मिळाली का, असं कुणी विचारलंच तर सुती कापड एवढी शतकं मातीत टिकत नाही असं सांगा. हे खरंही आहे. जी वस्तू मातीत टिकतच नाही तिच्याबद्दलचा दावा खोडता येत नाही, म्हणून हस्तकलेच्या इतिहासात तिला फार मान.

वारीही हाताशी असू द्या. रुक्मिणीमातेची पालखी इथून पंढरपूरला जाते. सदाराम महाराजांनी ती १५९४ साली सुरू केली असं सांगतात. माहेरची पालखी म्हणून पंढरपुरात तिचा मान मोठा. एवढ्या लांबच्या पायी वाटेवर वारकऱ्याच्या वळकटीत गोधडी असायची, हे वाक्य कुठल्याही माहितीपत्रकात शोभतं. हल्ली त्या वळकटीत प्लॅस्टिकचा कागद आणि हलकं ब्लँकेट असतं, हे दिसलं तरी पाहिलं न पाहिल्यासारखं करा.

२. घरातले जुने कपडे घालवा

ही पायरी जड जाते, मला कल्पना आहे. पण जुनी पातळं, धोतरं, विरलेल्या चादरी घरात राहिल्या तर हात नकळत तिकडेच वळतो आणि सगळा छंद फुकटात उरकतो. तेव्हा बोहारणीला हाक मारा. चांगलं गाठोडंभर कापड द्या आणि एक स्टीलचा डबा घ्या. घासाघीस जरूर करा. झाकण घट्ट बसतं का ते तपासून घ्या, कारण पुढच्या पायरीत आणलेले कापडाचे तुकडे त्याच डब्यात ठेवायचे आहेत.

कुणी म्हणेल, तान्ह्या बाळाला जुन्या सुती पातळाचंच दुपटं लागतं, नवं कापड टोचतं. बाळ मोठं होईल म्हणावं.

३. नव्या चिंध्या विकत आणा

अमरावतीला नागपूर रस्त्यावर नांदगाव पेठेकडे कापडाचे मोठे घाऊक बाजार आहेत. तिथं जाऊ नका. तिथं मीटरनं आणि ताग्यानं कापड मिळतं, आणि अख्खं कापड पाहिलं की त्याचं काहीतरी उपयोगाचं शिवावंसं वाटतं. तुम्हाला आधीच फाडलेलं हवं.

तशी सोय अमेरिकेतल्या कापड कंपन्यांनी करून ठेवली आहे. ५ इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला चार्म पॅक म्हणतात, १० इंचीला लेअर केक, अडीच इंची पट्ट्यांच्या गुंडाळीला जेली रोल. नावं ऐकून भूक लागली तर आधी जेवून घ्या, उपाशीपोटी ऑर्डर वाढते.

चार्म पॅकमध्ये साधारण ४२ चौकोन येतात. वजन भरेल जेमतेम शंभर ग्रॅम. आता एक हिशेब घाला, पण घालून विसरा. क्विंटलभर कापूस रेचला की ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे शंभर ग्रॅम रुईला तीनशे ग्रॅमच्या आसपास कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरला होता. तो मिळाला असं धरू. धरायला काही खर्च येत नाही. तर तुमच्या गठ्ठ्यातल्या कापसाचे तिवशाच्या शेतकऱ्याला झाले तेवीस रुपये. गठ्ठा पडतो दहा-पंधरा डॉलरला, टपालखर्च आणि कस्टम वेगळं. मधला फरक म्हणजे तुमची अभिरुची. ती स्वस्त असून कशी चालेल?

४. हत्यारं

फिरत्या पात्याचा कटर. तो टेबल कापू नये म्हणून खाली हिरवी मॅट. मॅटवर रेघा असतातच, तरी पारदर्शक पट्टी. टाचण्या बोचू नयेत म्हणून रंगीत चिमटे. खूण करून पाण्यानं पुसली जाणारी शाई. शिलाई यंत्राला जाड थर ओढणारा वेगळा पाय. छोटी इस्त्री, मोठी इस्त्री.

कौंडण्यपुरातल्या गोधडीला लागते सुई. दोरा ओवून देणारं नातवंड जवळ असलं तर बरं. ही माहिती केवळ तुलनेसाठी दिली आहे, मनाला लावून घेऊ नका.

५. ब्लॉक

आता खऱ्या कौशल्याचं काम. आपल्याकडच्या गोधडीत ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला मोठा चौकोन, नसतो. जमिनीवर एक पातळ पसरायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर लावायचे, वर ठिगळं मांडायची आणि सगळे थर एकदमच धावदोऱ्यानं शिवत कडेकडून मध्याकडे यायचं. हे इतकं सोपं आहे की त्यावर शिबिर घेता येत नाही. म्हणून ब्लॉक.

ब्लॉक बारा इंचांचा करायचा असतो, म्हणून साडेबारा इंचांचा करतात. चारही बाजूंना पाव पाव इंच शिवणीत जातं. तुमचा ब्लॉक पावणेबारा भरेल. घाबरू नका, सगळ्यांचाच भरतो. इस्त्रीनं ओढून साडेबारा करा. पुढे दोन ब्लॉक जोडताना कोपरे जुळणार नाहीत. तेव्हा ‘हाताच्या कामात थोडा बाक असतोच’ हे वाक्य म्हणा. यंत्रावर शिवलेलं असलं तरी म्हणा.

पहिला ब्लॉक शक्यतो लॉग केबिन घ्या. मधोमध लाल चौकोन, भोवती लाकडी ओंडक्यांसारख्या पट्ट्या; लाल चौकोन म्हणजे अमेरिकेतल्या लाकडी घराची चूल असं तिकडे समजतात. वऱ्हाडात घर मातीचं, कुडाचं, नाहीतर सिमेंटचं, आणि ४५ अंशांच्या उन्हात घराच्या मध्यात चूल पेटवायची कल्पना तिवशात कुणी मनावर घेणार नाही. यावर उपाय म्हणजे नाव बदलणं. लॉग केबिनला ‘भीष्मकाचा वाडा’ म्हणा. नऊ चौकोनांच्या नाइन पॅचला ‘पऱ्हाटी’. कोपरे चुकून वाकडे गेलेल्या ब्लॉकला ‘रुक्मिणीहरण’. त्यात रथाची घाई दिसते असं समजावून सांगा, लोकांना दिसते.

ब्लॉक एकटीनं करायचे नसतात. महिन्याला एक नमुना ठरवायचा, मोबाईलवरच्या मैत्रिणींनी आपापल्या गावी शिवायचा आणि टपालानं एकमेकींना पाठवायचा. पुण्याचा ब्लॉक नागपूरला, नागपूरचा न्यू जर्सीला. वर्षअखेरीस प्रत्येकीकडे बारा ब्लॉक जमतात: तीन मापांचे, आणि एका बाईनं घेतलेल्या कच्च्या लाल कापडामुळे धुतल्यावर सगळे गुलाबी. ती बाई कोण हे सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी बोलून दाखवत नाही. शेजारी बसून एक गोधडी शिवली असती तर तिचं नाव घेऊन भांडण झालं असतं, दुपारच्या चहाला ते मिटलंही असतं. टपालात ही सोय नाही.

६. खरी गोधडी बघायला जा

एकदा तरी जावं लागतं, फोटोसाठी. चैत्र-वैशाखात जा. वावरातली कामं उरकलेली असतात, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, आणि दुपारी ओसरीवर किंवा निंबाच्या सावलीत गोधडी पसरलेली सापडते. कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. आजी एक पाय पसरून कापडावरच बसलेली. पायाच्या अंगठ्याखाली काठ दाबून धरलेला, म्हणजे थर सरकत नाहीत. ती एकेक टाका घालत नाही. सुई कापडात खाली-वर खेळवत चार-पाच टाके सुईवरच गोळा करते, मग एकदम दोरा ओढते. ओढताना कापड किंचित चुरमुडतं, ते अंगठ्याच्या नखानं सरळ करते आणि पुढे सरकते. पट्टी नाही, शाई नाही. मागची ओळ हीच पुढच्या ओळीची पट्टी.

थरांत काय काय जातं ते विचारा, पण उत्तराची तयारी ठेवा. नवऱ्याचं धोतर. पोराचा शाळेतला सदरा. लेकीचा परकर. मागच्या निवडणुकीतली दोन उपरणी, दोन वेगळ्या पक्षांची; ती आत एकमेकांना चिकटून शिवली गेली आहेत आणि आजवर तक्रार नाही. यातलं ‘नवऱ्याचं धोतर’ तेवढं टिपून घ्या, ते मजकुरात छान बसतं.

मग तुमचे चौकोन पिशवीतून काढून दाखवा. संवाद साधारण असा होईल.

‘हे कापड त नवं हाय ना वं बाई?’

‘हो आजी, नवंच आहे.’

‘मंग फाडलं काऊन?’

‘ते फाडलं नाही, कापलंय. आता परत जोडायचं.’

‘परत जोळाचं होतं त कापलं कायले?’

इथं नवशिक्या हमखास अडखळतात. तुम्ही ‘डिझाइन आहे’ असं ठामपणे सांगा. आजी मान हलवेल. ती पटल्याची खूण समजा. थोड्या वेळानं ती शेजारणीला काय सांगते तिकडे लक्ष देऊ नका: ‘पातय फाटलं का त्याची गोधडी होते. यायचं त फाटलंच नाई.’

फोटो हातांचा घ्या. चेहरा नको, चेहरा आला की नाव विचारावं लागतं, नाव आलं की पत्ता, आणि पत्ता आला की पुढच्या वेळी लोक परस्पर तिच्याकडे जातात. सुरकुतलेले हात, हिरव्या बांगड्या, सुई, तिरकं ऊन. एवढ्यात परंपरा येते.

७. जगाचा दाखला द्या

गावाबरोबर एक परदेशही लागतो, नाहीतर आपलेच लोक मनावर घेत नाहीत. गीज बेंड वापरा. अलाबामा नदीच्या वळणावरची ही वस्ती. कापसाच्या मळ्यात राबवलेल्या गुलामांचे वंशज तिथं राहतात. त्या घरच्या बायकांनी शेतात झिजलेल्या विजारी, सदरे, पोती जे हाताला लागलं ते जोडून गोधड्या शिवल्या, कारण घरं लाकडी आणि थंडी आत यायची. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयाच्या भिंतीवर लागल्या, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. समीक्षकांना त्यात आधुनिक चित्रकला दिसली. बायकांना त्यात आधी नवऱ्याच्या विजारी दिसत असणार, पण समीक्षकांना विजारीचा माग नको असतो.

वऱ्हाडाशी जोडायचं तर तेही कठीण नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, दक्षिणेचा कापूस बंदरातच अडकला, लँकेशायरच्या गिरण्या बसल्या आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली. कापसाचा व्यापार इथं त्याआधीही थोडा नव्हता. १८४२ साली एकाच व्यापाऱ्यानं अमरावतीहून लाखभर बैलांवर लादून कापूस कलकत्त्याला धाडला, असं जुनं गॅझेटिअर सांगतं. मागाहून रेल्वे आली, कापूस दुप्पट वेगानं जाऊ लागला. अलाबामा आणि वर्धा, दोन्ही नद्यांच्या काठी कापूस पिकवणारी माणसं चिंध्या पांघरून झोपत होती, हे साम्य तुमच्याही ध्यानात आलं असेल. माहितीपत्रकात घालू नका. ते शयनगृहाच्या सजावटीसाठी छापलेलं असतं, आणि वाचणाऱ्याची झोप उडवून चादरी खपत नाहीत.

आपल्या गोधड्यांवरही मोठं देखणं पुस्तक आहे: गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रभर हिंडून केलेलं. छापलं फ्रान्समधल्या प्रकाशकानं. ते टेबलावर असू द्या, पाहुण्यांच्या बाजूला शीर्षक करून.

८. मजुरी आणि सही

वरचा थर तुम्ही केलात, आता मधला आणि खालचा धरून तिन्ही थर एकत्र शिवायचे. तो वेगळा पाय लावूनही यंत्राखाली ते तुम्हाला सरळ सरकवता येत नाहीत, हातानं शिवायला बसलं तर मान धरते. घाबरू नका, इथंच गाव कामाला येतं. गोधडी बचत गटाकडे किंवा थेट आजीकडे द्या. मजुरी ठरवताना ‘तुम्ही घरी बसूनच तर करता’ हे वाक्य मधाळ आवाजात वापरा. दोरा तुम्ही दिला तर त्याचे पैसे कापा. आजी घासाघीस करणार नाही. बोहारणीपुढे तुमचा हात चांगला बसलेला आहे आणि तिला तो सराव नाही.

हजारो टाके तिचे झाले की कोपऱ्यात कापडी लेबल लावा. त्यावर तुमचं नाव, साल, आणि ‘भीष्मकाचा वाडा, मालिका पहिली’. खाली बारीक अक्षरात ‘सहकार्य: ग्रामीण महिला’. ग्रामीण महिला हे नाव छान आहे, सगळ्या गावांत चालतं.

किंमत किती लावायची? आधी मजुरी लिहा. तिच्यापुढे दोन शून्यं द्या. फार वाटली तर मजकुरात ‘आजीच्या मायेची ऊब’ घाला, मग रास्त वाटते. कुणाची आजी, असं गिऱ्हाईक विचारत नाही.

९. वापर आणि निगा

वापरू नका. खरी गोधडी नवरात्राआधी नदीवर नेतात. भिजली की तिला एकटीनं उचलवत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून उलट्या दिशेनं पिळतात, मग ती काठच्या दगडांवर दिवसभर वाळते. तुमची एकदा भिजली तर ब्लॉकचे रंग एकमेकांत जातील आणि ‘रुक्मिणीहरण’ कुठलं, ‘पऱ्हाटी’ कुठली, कळायचं नाही. तेव्हा भिंतीवर टांगा, ऊन लागणार नाही अशा बेतानं. रात्री पांघरायला दिवाळीची रजई आहेच.

एक सावधगिरीची सूचना, विशेषतः पुन्हा गावी जाऊन व्हिडिओ करणार असाल तर. आजीच्या घरात कॅमेरा फिरवताना खाटेवर काय आहे ते आधी बघून घ्या. तिथं बहुधा पानिपतचं ब्लँकेट असेल, नातवानं तिवशाहून आणलेलं. पानिपतच्या गिरण्यांत परदेशातून जुने कपडे गठ्ठ्यांनी येतात. बटणं, चेनी काढून त्यांच्या चिंध्या करतात, पिंजून सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात. त्यातले काही कपडे अमेरिकेतल्या तुमच्याच एखाद्या मैत्रिणीनं चार्म पॅकला जागा करायला कपाटातून काढलेले असतील, सांगता येत नाही. ते ब्लँकेट चित्रीकरणापुरतं बाजूला सारा, खाटेवर तुमची गोधडी अंथरा, आणि आजीला त्यावर बसवताना काही विचारू नका. विचारलंत तर ती म्हणेल, हे ब्लँकेट बरं हाय बाप्पा, गरम राह्यते अन् धुवाले हलकं. आणि ते सगळं रेकॉर्ड होईल.